उणे चार पूर्णांक दोन

माझं काम आकड्यांचं.
लाँचच्या पोटाखालून आवाज सोडायचा,
तो तळाला आपटून परत येईपर्यंत थांबायचं
आणि लिहायचं : उणे चार पूर्णांक दोन.
तुर्भ्याच्या खाडीत मी असे
नऊ हजार आवाज टाकलेत.
सगळे परत आले.
एकानंही सांगितलं नाही, खाली कोण होतं.

नकाशात तिथं एकच अक्षर असतं. चि.
म्हणजे चिखल.

चांगुणा नाखवा धक्क्यावर शिंगाळे कापते.
आधी दांडक्यानं काटे मोडते,
कारण हा मासा मेला तरी काटा मिटत नाही.
पाठीवर एक, कुशींना दोन, करवतीसारखे दाते.
तिचा अंगठा एकदा सुजून वांगं झाला होता,
तेव्हापासून ती शिंगाळ्याशी
बोलून घेते कापण्याआधी.
"डोसक्याव पाटा हाय याचे,"
म्हणते आणि कोयत्याची मूठ आपटते.
टक टक.
आत कुणी असावं तसं.

शिंगाळा उजेडाच्या भानगडीत पडत नाही.
मिशांनी चाखत चालतो :
डिझेल, कारखान्याचं कोमट पाणी,
कुणी ओतलेली पेज,
तिवरांच्या मुळांतून सुटलेली कुजकी गोडी,
खेकड्यानं नुकतीच टाकलेली कात.
मी ज्याला तळ म्हणतो ते त्याचं अंगण.
आणि अंगणाखाली पुन्हा कुणाची छपरं,
शिंपल्यांची, किड्यांची,
जिथवर माझा आवाज जात नाही.

भाद्रपद सरता सरता एकाचा जबडा उघडला
आणि पाटावर गोट्या घरंगळल्या.
पिवळ्या, द्राक्षाएवढ्या, चाळीसेक.
दोन-चारांना शेपट्या फुटलेल्या.
"बापूस हाय यो," चांगुणा म्हणाली.
"बाय टाकून जाते, यो तोंडान धरतं.
दोन मयने खाय नाय काय. प्वाट बघ."
पोट चिरलं.
आत काहीच नव्हतं, एक काळी रेघ सोडून.
एवढी हाडं कवटीवर, एवढे दाते,
आणि सगळ्यात मऊ वस्तू ठेवली कुठे,
तर जिथं भूक असते तिथं.

रांगेतल्या बाईंनी विचारलं, गाबोळी कशी?
चांगुणानं ऐकलं नसल्यासारखं केलं.
गोट्या वेचून बादलीत टाकल्या,
बादलीत बर्फाचं पाणी.
बघत राहिली.
मग म्हणाली, शंभर.
मग म्हणाली, नको, र्‍हाव दे.
बाई वाम घेऊन गेल्या.

मी डोकं मागून घेतलं. घरी उकळलं,
मांस काढलं, मीटरच्या पेटीवर वाळत ठेवलं.
हलवलं की आत खुळखुळतं,
कानातले दोन खडे.
बायको म्हणते, फेक ते.
फेकीन.
संध्याकाळी बादली रिकामी होती म्हणे.
कुणी रिकामी केली, मी विचारलं नाही.

साहेबांचा निरोप आहे : चैत्रापर्यंत उणे सात.
ड्रेजर निघालाय, सोमवारी पोचेल.
आज त्याच जागी पुन्हा आवाज सोडला.
थांबलो.
परत आला, पण नेहमीपेक्षा उशिरा,
कुणाला तरी वळसा घालून आल्यासारखा.
यंत्र म्हणालं, काही फरक नाही.
मी तोंड मिटून लिहिलं
तेच, चार पूर्णांक दोन.