डाव्याची बाहेरची कड

रवळू कडोलकरचे बूट मी सतरा वर्षं शिवले.
त्याचा एकही सामना बघितला नाही.
रविवारी कॅम्पात गिऱ्हाईक जास्त,
आणि गोव्याला जायचं तर चोर्ला घाटात मला उलट्या होतात.
तरी विचारा, कसा खेळायचा ते सांगतो.

फॉरवर्डचा बूट चवड्याला जातो,
नाक घासतं, शिवण तिथंच उसवते.
बॅकचं तसं नाही.
बॅक निम्मा खेळ मागं मागं पळतो,
तोंड येणाऱ्याकडं, पाठ आपल्या गोलकडं,
म्हणून टाच आधी जाते.
रवळूच्या डाव्या बुटाची बाहेरची कड जायची,
दर हंगामाला, त्याच जागी, दोन बोटं.
म्हणजे माणसाला तो बाहेर बाहेर काढत न्यायचा,
कोपऱ्यातल्या झेंड्याकडं,
जिथून काही होत नाही.

पहिला जोड चुलत्याचा. कॅनव्हास, आत चिंध्यांचे बोळे.
कडोलीहून सायकलवर आला, सोळाचा असेल,
म्हणाला, मामा, खिळे वर आल्यात, तळव्याला टोचायलेत.
मी ठोकून दिले. पैसे घेतले नाहीत
असं आता सगळ्यांना सांगतो.
घेतले होते. चार रुपये.

मग गोव्यातल्या क्लबानं उचलला.
कंपनीचे बूट, नुसते चिकटवलेले,
एका पावसात तोंड उघडं.
पणजी गाडीच्या कंडक्टरकडं पाठवायचा,
कधी मराठी पेपरात गुंडाळून, कधी कन्नड,
मी दोन्ही उलगडून नाव शोधायचो.
गोल मारणाऱ्याचं नाव येतं.
न झालेल्या गोलाला पेपरात जागा नाही.
एकदाच सापडलं, ठळक अक्षरात:
हेडर मागं द्यायला गेला आणि आपल्याच जाळीत.
त्या आठवड्यात बूट आले ते चिखलासकट.
एरवी धुऊन पाठवायचा.
मी धुतले. कडेला दोन टाके जास्त घातले,
गरज नव्हती.

एका वर्षी त्यांची टीम इथं खेळायला आली.
मी दुकानातच. हातात एका सुभेदाराचा बूट, संध्याकाळी पाहिजे म्हणालेला.
मैदान भिंतीपलीकडं.
शेवटी शेवटी अर्धे लोक ओरडायला लागले, सोडू नको,
अर्धे, बिडब्याड, बिडब्याड,
आणि आवाज असा मिसळला की कोण कुठला कळेना.
आरी हातात तशीच राहिली.
मग सगळं शांत, मग शिट्टी.
सुभेदार आला, म्हणाला, तुमच्या पोरानं सोडला नाही.

पुढं एक हंगाम असा आला
की डावा बूट नवाच राहिला.
नुसता उजवा झिजून आला, तोही थोडका.
मी समजलो. गुडघा.
हुबळीचा डॉक्टर, मिरजेचा डॉक्टर,
मग बाकावर, मग छोट्या क्लबात,
मग दोन महिन्यांचा पगार बुडवून एक पत्र,
इंग्रजीत, चार ओळींचं.
ते मला वाचायला आणून दिलं. मला इंग्रजी येत नाही, त्याला माहीत होतं.
मी बराच वेळ बघत बसलो, मग घडी घालून परत दिलं.

आता तो संकेश्वरकडं कारखान्यात काट्यावर आहे,
उसाच्या गाड्या तोलतो.
परवा आला, चप्पल घेऊन. साधी, बाजारातली.
उलटी केली तर डाव्याची बाहेरची कड,
दोन बोटं.
म्हटलं, आता कुणाला अडवायलास गा?
हसला. साकु मामा, लाव की ठिगळ.
मी कातडं कापेपर्यंत दारात उभा राहिला,
तिरका,
रस्ता आणि मी, दोन्ही दिसतील असा.
झालं म्हटलं.
वळला नाही.
रस्त्याकडं बघतच
मागं मागं आला, लंगडत, आणि हात पुढं केला.