अधिक-उणे अकरा

रात्री साडेनऊला, अंबड लिंक रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
मी अमेरिका उघडते.
सगळी नाही. एकच कौंटी.
नाव सांगता येत नाही, करारात तसं कलम आहे.
पण मका आहे, कोंबड्या सोलायचा एक कारखाना आहे,
आणि नऊ हजार चारशे बारा माणसं,
जी आठ दिवस मी
या रकान्यातून त्या रकान्यात नेते आहे,
सुपातली नागली पाटीत ओतावी तशी.
एखादा दाणा सांडतोच.

मूळ : जर्मन. दोन हजार सहाशे सात.
मूळ : आयरिश. अकराशे.
मूळ : सांगितलं नाही.
(ही माणसं मला आवडतात.)
आणि पान संपता संपता, तळाशी,
मूळ : कोलंबियन.
सात.
शेजारी बारीक अक्षरात :
चूक संभवते, अधिक-उणे अकरा.

सर, सातातून अकरा गेले तर?
वाघचौरे सर म्हणाले, गणित करू नकोस, उतरव.

मी उतरवलं. गणितही केलं.
अठरा असतील तर लग्नाची एक पंगत उठेल.
सात असतील तर एका गाडीत मावतील, मूल मांडीवर घेऊन.
उणे चार असतील
तर ती चार माणसं तिथे नाहीत
त्याहूनही जास्त नाहीत.

आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, तिकडे कालची संध्याकाळ.
कारखान्याची पाळी सुटली असेल.
एक बाई नळाखाली कोपरापर्यंत हात धुते आहे,
पिसांचा वास जात नाही.
तिला कुणी विचारलं असेल, मूळ कुठलं?
ती काय म्हणाली, आणि विचारणाऱ्याला काय ऐकू आलं,
यासाठी रकाना नाही.

आमच्या पाड्यावर गुरुजी आले होते खानेसुमारीला.
सुरगाण्यापासून चालत, कपाळावर रुमाल बांधून.
मातृभाषा?
आई म्हणाली, कोकणी.
गुरुजींनी लिहिलं, कोंकणी.
एका टिंबाने आम्ही समुद्रावर गेलो.
घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता,
मासे खायचो ते नार नदीतले मुरे.
माणसं किती?
बाबा तेव्हा पिंपळगावला, द्राक्षाच्या खुडणीवर.
परत येणार ना?
येतील बहुतेक, आई म्हणाली.
गुरुजींचं पेन त्या 'बहुतेक'पाशी बराच वेळ थांबलं.
मी उंबऱ्यावर बसून बघत होते.
आम्ही पाच. अधिक-उणे एक.

पाच वाजता मेल आला :
दहाच्या आतले सगळे आकडे झाकावेत.
ओळख पटू शकते.
कुणाला पटेल?
मी सात खोडलं, जागी चांदणी टाकली.
एवढ्या मोठ्या पानावर एकच चांदणी.
वाघचौरे सर म्हणाले, आता नीट दिसतंय.

कंपनीची गाडी मला दिंडोरी नाक्यावर सोडते.
तिथून पेठ रोडला खोलीपर्यंत चालत.
नाक्यावर आमच्याकडची माणसं उभी असतात,
हातात डबा, खांद्यावर फावडं, कानाला मफलर.
पिकअप आली. ठेकेदार ओरडला, सात पाहिजेत.
चढले नऊ.
एक बाई उतरली, कुणाशी तरी बोलली, परत चढली.
त्याने बोट फिरवत मोजलं, आठ म्हणाला.
पुन्हा मोजलं.
बाईच्या पाठीशी झोळीत मूल होतं,
ते धरायचं की नाही यावर थोडी हुज्जत झाली,
मग ड्रायव्हरने हॉर्न दिला
आणि जेवढी होती
तेवढी गेली.