बिल्ला क्रमांक ४१७

मी बोटांच्या ठशांचा माणूस.
सीताबर्डीच्या कचेरीत भिंगाखाली
रेघा मोजमोजून
नाव बदलून हिंडणाऱ्या अठरा चोरांना
मी त्यांची खरी नावं परत दिली.

माझं नाव अनाथालयाच्या रजिस्टरातलं :
बुधवारी सापडला म्हणून बुधाजी,
मिलच्या फाटकाशी सापडला म्हणून फाटके.
'वय अंदाजे तीन. मुठीत पितळी बिल्ला, ४१७.
मूठ उघडायला दोन माणसं लागली.'

सन अठरा. मानमोडीचं साल.
जुम्मा तलावाकडे तेव्हा लाकडं संपली होती म्हणतात.

तेवीस वर्षांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी
मी माझाच तपास हाती घेतला.
गुन्हा कोणाचा, ते ठरलेलं नव्हतं.

झिंगर मुकादम खाटेवरून उठला नाही.
"चारशे सतराचं काय इचारता जी,
त्या एका हप्त्यात तीन जणीले देल्ला तो नंबर.
एक गेली का दुसरीच्या गळ्यात.
मशीन काई थांबली नाई."

तीन जणी. बिजा, पुनी, आणि एक,
जिचं नाव लिहायला कारकुनाला सवड झाली नाही.
बापाचा माग तर पहिल्याच पानावर तुटला :
'धनी' एवढा शब्द, पुढे वाळवी.

अंगठे मात्र होते. पगारपत्रकावर, जांभळ्या शाईत.
मी भिंग काढलं.
हात थरथरला नाही, याची नोंद असावी.
पण कोर्टात शपथेवर मीच कितीदा सांगितलंय,
ठसे वारशाने येत नाहीत.
आईच्या बोटात लेकरू सापडत नाही.

पहिला फिकट. दुसरा फिसकटलेला.
तिसरा, बिननावाचा, स्वच्छ :
मधोमध आडवी पांढरी रेघ,
सुताने कापलेली,
भरून येऊन पुन्हा तिथेच कापलेली.

आणि डाव्या भुवईच्या जरा वर
काहीतरी खरखरीत
हळूच माझ्या केसांकडे सरकलं.

हा पुरावा नाही.
साहेबांनी विचारलं तर सांगेन, ऊन लागलं.

फाईलची नाडी बांधता बांधता थांबलो.
नोकरीत पहिल्यांदाच
सरकारजमा कागदात ढवळाढवळ केली :
तिच्या नावाच्या कोऱ्या रकान्यात
माझा अंगठा उमटवला.

पाचचा भोंगा झाला.
शाई वाळेपर्यंत
मी तिथेच बसून होतो.