शेंडेफळ

इन्स्पेक्टर हॉलरॉइड ओले बूट पुसत विचारतो,
हृषीबद्दल सांगा.

काय सांगू?
अडतिसाव्या वर्षीही
उकडलेलं अंडं त्याला सोलून लागतं.
तीन गाड्या ठोकल्या, दादांनी चौथी दिली.
मृत्युपत्र बदलणार हे मंगळवारी कळलं
तेव्हा ताटावरून रुसून उठला,
इतकंच.

इन्स्पेक्टर हसतो.
वहीतल्या त्याच्या नावावर काट मारतो.

मी चहा टाकायला आत येते.
खिडकीबाहेर स्कार्बरोचा करडा समुद्र,
सीगलची भांडणं.
सिंकशेजारी दादांचा कप, पालथा.

मिसेस प्रॅट शुक्रवारी येते.
मी तो धुतलेला नाही.

उचलून बघते:
आत साबणाचा फेस तसाच वाळलाय,
जन्मात पहिल्यांदाच
कप विसळणाऱ्या हाताचा.

बाहेरून हाक येते,
ताई, माझ्यात साखर
दोन चमचे हं.