मानस

दादाच्या लघवीत पहिल्यांदा रक्त दिसलं
ती अमावास्या. तिथी त्याला पाठच,
चोडणच्या खाजनाची मानस त्याच्या हाती:
भरतीला दारं मिटतात, ओहोटीला उघडतात,
खारं बाहेर, शेतातलं जास्तीचं नदीला.
म्हणाला, बीट खाल्लं असेल.
आमच्या घरी बीट कोण खातं?

फेरीबोटीने रायबंदर, तिथून बांबोळी.
स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडात
फिकट डाग, साडेसात सेंटिमीटर.
सर्जन म्हणाले, काढू या.
दादाने विचारलं, दुसरं पुरेल?
मानशीचं एक दार मोडलं
तर फळ्या घालून चालवतो आम्ही.
सर्जन हसले नाहीत. म्हणाले, पुरेल.

काढलं. पण तीन आठवडे नाव सापडेना.
नेहमीचा कॅन्सर नव्हे, एवढंच कळलं.
मेणाचे ठोकळे मुंबईला गेले,
आत दादाच्या मांसाचे तुकडे.
दादाने अजून मुंबई पाहिलेली नाही.

मग एका दुपारी पॅथॉलॉजीतली डॉक्टर इनेज कुलासो
स्वतःच वॉर्डात आली.
म्हणाली, शर्ट काढा.
दंडावर, खांद्यामागे तांबूस गाठी,
तांदळाएवढ्या, आमच्या डोळ्यांना सवयीच्या.
"थंडीत दुखतात?"
दादा दचकला. पहाटे पाण्यात उतरलं की
सुया टोचाव्यात तशा. म्हणून तर मी खोबरेल चोळायचे.
मग माझ्याकडे वळून: "तुमची पिशवी?"
काढली. एकतिसाव्या वर्षी. गाठी होत्या.
"आईची?" आईचीही.
शेवंती मावशीची. तिच्या धाकटीची.
मी बोटं मोजत गेले
आणि मध्येच थांबले.

बायकांचं दुखणं, म्हणायचो आम्ही.
पुरुषांच्या कातडीचं काही म्हणायचोच नाही.
इनेजने त्याचं नाव सांगितलं, इंग्रजीत, इतकं लांब
की दादा म्हणाला, तोवर भरती येऊन जाईल.

आता दर पंधरवड्याला सलाईन, रोज एक गोळी.
तोंडभर पुरळ. आरशाकडे तो पाठ करून दाढी करतो,
म्हणजे करतच नाही.
यकृताजवळची गाठ चार मिलिमीटरने लहान झाली.
चार! कोरगुटाचा दाणा याहून मोठा,
तरी त्या रात्री त्याने दोनदा भात मागून घेतला.

माझं रक्त तपासलं. आहे, माझ्यातही.
पूर्वाचं अजून द्यायचंय. ती एकोणीस वर्षांची,
विचारते, कळून काय करायचं?
दादा खाटेवरून म्हणाला,
कुर्ली बांधाला बीळ पाडते ना,
ते बोटाएवढं असतानाच चिखल भरायचा.
पाणी शिरल्यावर नुसती बोंब.
ती काही बोलली नाही.

पुनवेला त्याला उठवेना.
आम्ही दोघी गेलो, बॅटरी घेऊन,
दारं मिटलीत का बघायला.
नदी फुगलेली. पूर्वाने चपला काढल्या,
बांधावर अनवाणी चालत गेली,
पावलाने चाचपत, मामा चालतो तशी.
मध्येच थांबली.
आई, म्हणाली, इथे ओल लागतेय.