पायधुणी

ऑस्बर्ट पुढच्या सीटवर बसला
आणि पहिल्या सिग्नललाच मला कळलं, हा प्रवासी नव्हे.
त्याचा उजवा पाय नुसत्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.

म्हणाला, ग्रेनाडात मी हेच करतो. बावीस वर्षं.
उघडी जीप, बोटीवरून उतरलेली माणसं,
डोंगर चढायचा, धबधब्यापाशी फोटो,
जायफळाच्या वखारीत वीस मिनिटं,
पाच वाजता परत बंदरावर.
एकदा तरी दुसऱ्याच्या जीपमधून
दुसऱ्याचं बेट बघायचं होतं.

मी म्हटलं, बस नीट. माझ्याकडे सात आहेत.

कुलाब्याला सांगितलं, हे पहिलं,
आणि आत्ता पेट्रोलपंप गेला ना,
तिथंच कुठंतरी ते संपलं.
दुसरं एवढंसं होतं,
तू शिंकलास तेवढ्यात ओलांडलं.
तो मान वळवून मागे बघत राहिला.
पाणी कुठंय?
होतं, म्हटलं.

महालक्ष्मीच्या उताराला पुन्हा तेच.
इथून भरती आत शिरायची,
मग भिंत घातली,
भिंतीच्या आतला चिखल वाळला,
त्यावर आता घोडे पळतात.
हे सगळं मी हाताने दाखवतो,
हात स्टीअरिंगवरून सुटतो,
आणि ऑस्बर्टचा पाय पत्र्यावर.

वरळीच्या किल्ल्याखाली एक काळा दगड आहे.
त्याची गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं
तर म्हणाला, थांब हॅरी,
(हरेश्वर त्याच्या तोंडात मावत नव्हतं)
ही तूच रचलीस ना?
मी गप्प.
माझ्याकडेही आहे, म्हणाला, रडणाऱ्या राणीचा कडा.
राणी मीच जन्माला घातली.
त्या वर्षी वादळानं घरांची छपरं नेली होती,
गिऱ्हाईक नव्हतं.
आता शाळेतल्या पोरांना तिचं नाव पाठ आहे.

माहीम त्याला आवडलं नाही. का ते सांगितलं नाही.

परळच्या नाक्यावर एक बाई अळूच्या जुड्या मांडून बसलेली.
हा चालत्या जीपमधून अर्धा बाहेर.
कलालू! कलालू!
त्याची आई नारळाच्या दुधात शिजवते,
माझी चिंच, गूळ, शेंगदाणे, थोडा मुळा.
बाई म्हणाली, विचार त्याला, घसा खाजतो का त्यांच्याकडं?
विचारलं.
खाजतो, म्हणाला,
आणि आपल्याच माणसानं आपल्याला ओळखावं
तशी ती हसली, जुडीचे पैसे मात्र पुरते घेतले.

माझगावात टेकडी दाखवली. उमरखाडीत नुसती पाटी.
खाडी नावात राहिली, म्हटलं, बाकी भरून टाकली.
त्यानं प्रश्न विचारणं सोडलं होतं.

मग पायधुणी.
हातगाड्या, टेम्पो, अत्तराचा आणि डिझेलचा मिळून एक वास.
मी नेहमीचं वाक्य म्हटलं:
ओहोटीला माणसं खाडीतून चालत यायची
आणि इथं, बेटावर पाऊल टाकताना,
पायाचा चिखल धुवायची.

थांबव, म्हणाला.
उतरला. बूट काढले, मोजे बुटांत खुपसले,
आणि माझ्या पिण्याच्या पाण्याची बाटली
भर रस्त्यात पायांवर ओतायला लागला,
आधी डावा, मग उजवा, बोटांच्या बेचक्यांतून,
सावकाश, घरी पोचलेल्या माणसासारखा.
हवालदारानं शिट्टी फुंकली.
एका दुकानदारानं काही न विचारता
स्टूल पुढे सरकवलं.

नऊ वर्षं मी हे नाव सांगतोय.
चपला काढल्या. बाटलीत घोटभरच उरलं होतं.

जाताना त्यानं खिशातलं एक जायफळ दिलं, कवचासकट.
आई म्हणाली, आण, सहाणेवर उगाळून भाचीला चाटवते,
रात्रभर रडते पोर.
बाजारातलं आणून दिलं.
हे डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय.
आतली बी सुटी झालीय,
खड्डा आला की खुळखुळते.
पाहुणे विचारतात, गाडीत काय वाजतंय?
मी सांगतो. दर वेळी वेगळं.