बीएमपी, एक बिट

आमच्या यंत्राला एकच भाषा कळते:
बीएमपी, तीही एका बिटाची.
ठिपका आहे, किंवा नाही.
राखाडी त्याच्या शब्दकोशात नाही,
आणि लोक तर सगळे राखाडीच घेऊन येतात.

मार्च महिना. ग्युम्रीच्या दफनभूमीकडे वळणारा रस्ता,
कोपऱ्यावर मामाचं दगडांचं दुकान,
आत मी, नवार्द, हीटरला पाय टेकून,
कीबोर्डच्या फटींत बेसाल्टची भुकटी.

टिकिन अरुस्याकनी कोटाच्या अस्तरातून फोन काढला.
"ह्राचिक," म्हणाल्या. "यात बरा आलाय."

फोटो नातीनं क्रास्नोदारहून पाठवलेला,
नातीला तिच्या आत्यानं, आत्याला कुणा शेजाऱ्यानं.
दर हातानं थोडा दाबलेला, थोडा लाटलेला.
जेपेगचा स्वभावच तो:
प्रत्येक सेव्हला म्हणतं, एवढं कुणाच्या लक्षात येतंय?
आणि खरंच येत नाही,
बाराव्या खेपेला कानाच्या जागी
चार चौकोन उरेपर्यंत.

"मोठा कर ना."
केला. चौकोन मोठे झाले.

मामा आतून ओरडला, "टिफ कर गं, टिफमध्ये काही हरवत नाही!"
नाही हरवत, मामा.
पण जे आधीच हरवलंय
तेही तो तितक्याच इमानानं जपतो.
ताकाचं दूध होत नाही,
भांडं चांदीचं घेतलं म्हणून.

दुसरा फोटो नातवाच्या नव्या फोनमधला,
एचईआयसी. उघडेचना.
बदलून घेतला तेव्हा उघडला:
ह्राचिक पाठमोरे,
गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकलेले.
"हेच खरे ते," टिकिन म्हणाल्या,
"पण पाठ कोण लावतं दगडावर."

तिसरी, जिफ. कुणाच्या तरी लग्नातली.
ह्राचिक टेबलावरून प्याला उचलतात, ओठांशी नेतात,
आणि पुन्हा टेबलावरून उचलतात.
दोनशे छप्पन्न रंगांत वाईन जरा तपकिरी पडलेली,
हसू मात्र पुरतं.
त्या बघत राहिल्या. मीही. सतरा वेळा तरी.
"पीतच नाहीये," त्या म्हणाल्या.
"घरी असं एकदाही झालं नाही."

दगडावर एकच चौकट मावते, मी सांगितलं.
कुठली घेऊ?
"ओठांना लागायच्या आधीची."

मग कापणं. मागचं सगळं काढून पीएनजी केला.
लग्न गेलं, दिवे गेले, केकचा कोपरा गेला,
उरल्या त्या फिकट चौकड्या
ज्यांचा अर्थ: इथे काही नाही.
त्या काही-नाहीवर ह्राचिक तरंगत होते,
हातात प्याला,
आणि डाव्या खांद्यावर एक हात.
मनगटापर्यंतच. पुढचा माणूस चौकटीबाहेर राहिलेला.

"खोडते," मी म्हटलं. दोन मिनिटांचं काम.
टिकिननी चष्मा चढवला.
नखं पाहिली. अंगठी पाहिली.
"कुणाचा?"
"ठाऊक नाही."
मग बऱ्याच वेळानं,
"असू दे. टेकडीवर वारा फार असतो."

मी शेवटचं बटण दाबलं.
राखाडी गाल ठिपक्यांत फुटला:
उजेड तिथे गर्दी, सावली तिथे विरळ,
आणि दुरून पाहिलं तर पुन्हा गाल.
यंत्राची सुई काळ्या दगडावर उतरली,
टक टक टक,
जिथे उजेड हवा तिथेच टोचत.
अंधाराला ती हातही लावत नाही,
तो दगडाकडे होताच.

मामानं सेंटिमीटर मोजून बिल केलं,
खांद्यावरच्या हातापाशी थांबला, पट्टी उचलली,
काही न बोलता तेवढे सोडून दिले.

सुई कपाळ संपवून भुवईला आली होती.
निघतील असं वाटलं, तर टिकिननी खुर्ची
हीटरजवळ ओढली, फोन माझ्या मांडीवर ठेवला.
"ती पिणारी," म्हणाल्या,
"जरा परत लाव."